गुप्तदान आणि नकाशावरची रेघ

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. कुणाचे अकराशे एक, कुणाचे पाच हजार एक, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ बसवून दिलेली फरशी. अगदी शेवटच्या ओळीत फक्त एवढेच कोरले आहे : 'गुप्तदान रु. २१,०००'. लहानपणी आबांचे बोट धरून देवळात गेले की ते मला ती ओळ दाखवीत. आबांना अक्षरओळख बेताचीच. पण ती एक ओळ त्यांना पाठ होती. म्हणायचे, "बघ पोरी, सगळ्यांनी नावं लावली. खरा दाता ह्यो. ह्याला देवाबिगर कुणी वळखत न्हाई."

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी प्रश्न टाकला, की राजकीय पक्षांना मिळणाऱ्या देणग्या गुप्त ठेवल्या तर काय बिघडले? आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात उभे राहून बोलायचे म्हटले की पाय लटपटतात. तरी त्या दिवशी मी धीर करून उठले आणि आबांचेच म्हणणे शुद्ध भाषेत सांगून टाकले. दानाचा गाजावाजा करू नये, अशी आपली संस्कृती आहे. नाव लपवणारा दाता अधिक थोर. मागच्या बाकांवरून दोन-चार टाळ्याही पडल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "उत्तर चांगले आहे. फक्त एवढे सांगा, हा दाता नेमका कुणापासून लपला आहे? घेणाऱ्यापासून, की तुमच्याआमच्यापासून?"

मी खाली बसले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे वर्षभर उशिरा दिलेले उत्तर आहे.

मित्रहो, देवळातल्या गुप्तदानाची खूण अशी, की घेणाऱ्यालाही देणारा ठाऊक नसतो, आणि म्हणून देणाऱ्याला काही मागता येत नाही. मारुती कुणाच्या शेताची वाट बदलून देत नाही. राजकीय गुप्तदानाचे नेमके उलटे आहे. तिथे घेणाऱ्याला देणारा पक्का ठाऊक असतो. अंधारात असतो तो फक्त मतदार. आपल्याकडे निवडणूक रोख्यांची योजना जानेवारी २०१८ पासून अमलात आली. स्टेट बँकेतून रोखे घ्यायचे, पक्षाला द्यायचे, आणि कोणी कोणाला दिले हे लोकांना कळायचे नाही, अशी ती रचना. सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाकडे गेला. इतर पक्षांनीही आपापले वाटे घेतलेच. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. कागदोपत्री नाव गुप्त असले तरी देणाऱ्याला पक्षापुढे स्वतःची ओळख करून देणे अवघड नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. आमच्या सरांचा प्रश्न न्यायालयालाही पडला होता, हे वाचून मला थोडा धीर आला.

परंतु गुप्त पैसा घेऊन पक्ष करतो काय? आपल्या डोळ्यांपुढे चटकन येतात त्या गाड्या, फलक, जेवणावळी आणि मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटे. मलाही एवढेच ठाऊक होते. पण एकदा वाटलेले पाकीट एका निवडणुकीपुरते. पुढच्या वेळी पुन्हा वाटावे लागते, आणि पाकीट घेऊनही माणूस मत कुठे देईल याचा नेम नाही. ज्याला हिशेब कळतो तो पैसा तिथे घालत नाही. तो घालतो मतदारसंघाची सीमा आखणाऱ्या हातात. एकदा रेघ मनासारखी पडली की दहा दहा वर्षे पाहावे लागत नाही. या धंद्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट नोंदला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला, म्हणून मला तिकडे जावे लागत आहे.

त्याआधी रेघेचे गणित. समजा, एका गावात पन्नास घरे आहेत. तीस घरे आंब्याच्या चिन्हाला मत देतात, वीस घरे चिंचेच्या. गावाचे दहा-दहा घरांचे पाच वॉर्ड पाडायचे आहेत. आंबेवाल्यांचे बहुमत आहे, तेव्हा तीन-चार जागा त्यांना मिळतील असे कोणीही म्हणेल. पण नकाशा चिंचेवाल्याच्या हाती द्या. तो दोन वॉर्ड असे पाडील, की प्रत्येकात नऊ आंबेवाले आणि एकच चिंचेवाला. उरलेल्या तीन वॉर्डांत प्रत्येकी सहा चिंचेवाले आणि चार आंबेवाले. बेरीज करून पाहा, घरे तेवढीच आहेत. एकाही माणसाने मत बदललेले नाही, एकही पाकीट वाटलेले नाही. आणि वीस घरांच्या पक्षाला तीन जागा, तीस घरांच्या पक्षाला दोन. विरोधकांचे काही ठिकाणी गठ्ठे बांधायचे आणि उरलेल्यांना फोडून विखरून टाकायचे, एवढीच ही विद्या.

विद्या जुनी आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या मतदारसंघरचनेवर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला नखे आणि पंख लावून सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्याचे चित्र छापले. गेरी आणि सॅलमँडर मिळून 'गेरीमँडर' हा शब्द तयार झाला. आज सगळे जग त्याला 'जेरीमँडर' म्हणते. एका सहीमुळे एका माणसाचे नाव दोनशे वर्षे बदनाम राहिले. सहीचा हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. मला पुढे त्याकडे यायचे आहे.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यानंतर प्रतिनिधिगृहाच्या ४३५ मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. बहुतेक राज्यांत हे काम त्या त्या राज्याचे विधिमंडळच करते. म्हणजे उमेदवारच मतदार निवडतात म्हणा ना! आता २०१० साल पाहा. त्या वर्षी जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कंपन्या आणि कामगार संघटना यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा खर्च करता येईल. त्यातच काही 'समाजकल्याण' संस्थांना आपले देणगीदार जाहीर न करण्याची मुभा कायद्यात आहे. पैशाचा नळ मोठा झाला आणि त्यावर पडदाही टाकता येऊ लागला. त्याच वर्षी जनगणना होती.

रिपब्लिकन पक्षाच्या काही चतुर मंडळींनी हा योग ओळखला. 'रिपब्लिकन स्टेट लीडरशिप कमिटी' या संघटनेने 'रेडमॅप' नावाची योजना आखली. राष्ट्राध्यक्षपदाच्या किंवा सिनेटच्या मोठ्या लढतींऐवजी राज्य विधिमंडळांच्या लहान लहान जागांवर पैसा लावायचा. ज्या राज्यांत दोन-चार जागा फिरल्या की विधिमंडळ फिरते, अशी राज्ये निवडायची. विधिमंडळ हाती आले की पेन्सिल हाती आली. त्या वर्षी या संघटनेने सुमारे तीन कोटी डॉलर उभे केले. अमेरिकेत सिनेटच्या एकेका जागेसाठी कधी कधी याहून अधिक पैसा ओतला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे सौदा किती स्वस्तात पडला ते कळेल. ही संघटना आपले देणगीदार कागदोपत्री जाहीर करीत असे, हेही सांगायला हवे. पण त्या यादीत व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 'यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्स' हिच्यासारखे मोठे दाते होते, आणि चेंबरला कोण पैसे देतो हे चेंबर सांगत नाही. पाटीवर नाव आहे. पण ते नाव म्हणजे दुसरी बंद पेटी.

पेनसिल्व्हेनिया राज्यात डेव्हिड लेव्हडान्स्की नावाचे एक डेमोक्रॅटिक आमदार होते. अनेक वर्षे निवडून येत होते. २०१० मध्ये त्यांच्या मतदारसंघात घरोघरी पत्रके येऊन पडू लागली, की यांनी एका सिनेटरच्या नावाच्या ग्रंथालयासाठी साठ कोटी डॉलरच्या उधळपट्टीला मत दिले. वस्तुतः ती रक्कम एका मोठ्या विधेयकाची होती आणि ग्रंथालयाचा वाटा त्यात अगदी लहान. खुलासा करेपर्यंत निवडणूक संपली. ते १५१ मतांनी पडले. अशाच लढतींतून त्या वर्षी देशभरात राज्य विधिमंडळांच्या सुमारे ६८० जागा रिपब्लिकन पक्षाने जादा मिळवल्या.

मग रेघा आखल्या गेल्या. २०१२ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. देशभरात प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅट उमेदवारांना सुमारे १४ लाख मते अधिक पडली; जागा मात्र रिपब्लिकनांना २३४ आणि डेमोक्रॅटांना २०१. पेनसिल्व्हेनियात निम्म्याहून किंचित अधिक मते मिळवूनही डेमोक्रॅटांना १८ पैकी ५ जागा. नॉर्थ कॅरोलिनातही निम्म्याहून अधिक मते, आणि १३ पैकी ४ जागा. केवळ रेघांमुळेच हे सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. डेमोक्रॅटांची मते शहरांत दाटीने राहतात, त्यांचा गठ्ठा काही प्रमाणात आपोआपच बांधला जातो. पण आपोआप बांधला जाणारा गठ्ठा आणि दोरी आणून आवळलेला गठ्ठा यांत फरक आहे.

नॉर्थ कॅरोलिनाचेच उदाहरण घ्या. तिथे नकाशा आखायला टॉमस हॉफेलर हे पक्षाचे नामांकित तज्ज्ञ आले. त्यांच्या चमूला दीड लाखाहून अधिक डॉलर दिले ते 'स्टेट गव्हर्नमेंट लीडरशिप फाउंडेशन' या संस्थेने. ही त्याच कमिटीची भगिनीसंस्था. आणि हिला देणगीदार जाहीर करण्याचे बंधन नाही. हे मी वाचले आणि क्षणभर पुस्तक मिटून बसले. सरकारी काम, लोकांच्या मतांची वाटणी करण्याचे काम, आणि ते करणाऱ्याची मजुरी एका अनाम दात्याच्या थैलीतून! आमच्या गावात मोजणीदार जमीन मोजायला आला आणि त्याचे जेवण बांधाच्या एका बाजूच्या शेतकऱ्याने घातले, तर दुसरा शेतकरी गप्प बसत नाही. इथे तर जेवण कोणी घातले हेही सांगायचे नाही.

याच राज्यात २०१६ मध्ये नकाशा पुन्हा आखावा लागला, तेव्हा समितीतल्या एका आमदाराने उघड सांगितले, की आपण दहा जागा आमच्या आणि तीन त्यांच्या असा नकाशा करू, कारण अकरा-दोनचा नकाशा करणे शक्य आहे असे मला वाटत नाही. हॉफेलर स्वतः फार सावध होते. लेखी काही मागे ठेवू नका, असे ते इतरांना बजावीत. २०१८ मध्ये ते वारले. आईवडिलांच्या घरी आठवणीच्या वस्तू शोधताना त्यांच्या मुलीला संगणकाच्या साठवणीच्या तबकड्या सापडल्या. त्यांत हजारो फायली होत्या. तिने त्या नकाशाविरुद्ध लढणाऱ्या संस्थेच्या हवाली केल्या, आणि २०१९ मध्ये राज्य विधिमंडळाचा नकाशा रद्द करताना न्यायालयापुढे त्या पुरावा म्हणून होत्या. लपवलेले एवढ्यासाठीच उघडे पडले, की एका मुलीला खरे सांगावेसे वाटले. पण लोकशाही अशा योगायोगावर चालवता येत नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की पक्षीय स्वार्थाने आखलेल्या सीमांचा निवाडा केंद्रीय न्यायालयांना करता येणार नाही. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयानेही आपला आधीचा निर्णय फिरवून हात वर केले.

आता फ्लोरिडाची हकिगत. या लेखाचे बीज तिच्यातच आहे. २०१० मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी साठ टक्क्यांहून अधिक मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली, की कोणत्याही पक्षाला फायदा वा तोटा व्हावा अशा हेतूने मतदारसंघ आखू नयेत. विधिमंडळाने गावोगाव सुनावण्या घेतल्या आणि जनतेने स्वतः नकाशे सादर करावेत असे आवाहन केले. नकाशे आले. पुढे खटला उभा राहिला तेव्हा दिसून आले, की पक्षाच्या सल्लागारांनी पडद्याआड नकाशे तयार करून ते सामान्य नागरिकांच्या नावाने आत सरकवले होते. त्यांतला एक नकाशा एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नावावर होता. त्या विद्यार्थ्याने साक्षीत सांगितले, की हा नकाशा मी काढलेला नाही, मी तो पाठवलेलाही नाही. २०१४ मध्ये न्यायालयाने या गुप्त कारवाईवर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ मतदारसंघ नव्याने आखायला लावले.

पैसा अनाम, नकाशाकार पडद्याआड, आणि समोर नाव कोणाचे? एका विद्यार्थ्याचे. कारण विद्यार्थ्याचे नाव स्वच्छ असते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या मुलाला निदान ठाऊक तरी नव्हते. मी स्वतःच्या हाताने सही केली होती.

हे लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. प्रथम वर्षाला प्रवेश घेताना आमच्याकडे पैशाची अडचण होती. वसतिगृहाची अनामत आणि पुस्तके यांची काही सोय होईना. तेव्हा गावातले एक गृहस्थ आबांना म्हणाले, "एका भल्या माणसानं पैसं दिल्यात. नाव इचारू नगा. पोरगी शिकू द्या." आबांनी हात जोडले. घरी येऊन आईला म्हणाले, "गुप्तदान हाय." मी त्या पैशांवर शिकू लागले, आणि अजूनही त्या अनाम माणसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, हे लपवत नाही.

वर्ष उलटले. ग्रामपंचायतीची प्रारूप प्रभागरचना लागली आणि हरकतींची मुदत सुरू झाली. मी सुट्टीत घरी होते. तेच गृहस्थ टाइप केलेला अर्ज घेऊन आले. म्हणाले, "पोरी, एवढी सही कर. शिकलेल्या माणसाच्या सहीला वजन असतं." मी वाचायला घेतला तसे आबा म्हणाले, "वाचतीस काय? त्यांचं उपकार हायती." मी सही केली. अर्जात नकाशातले गट क्रमांक आणि चतुःसीमा होत्या. नुसते चाळून काही कळण्यासारखे नव्हते. अर्जाचा अर्थ मला अंतिम रचना लागल्यावर कळला. ओढ्यापलीकडची आमची चाळीस घरांची वस्ती मधोमध चिरली होती. निम्मी घरे एका प्रभागात, निम्मी दुसऱ्यात. आजवर वस्तीचा एक तरी माणूस पंचायतीत असायचा. नळाची लाइन त्यामुळेच ओढा ओलांडून आली. आता दोन्ही प्रभागांत आम्ही शेपटासारखे. वस्तीतून उभे राहिलेले दोघेही पडले. ओढ्यावर फरशी पूल व्हायचे घाटत होते, ते मागे पडले. श्रावणात ओढ्याला पाणी आले की माझा धाकटा भाऊ अजूनही दोन-दोन दिवस शाळेत जात नाही.

त्या अर्जावर खाली माझे नाव आहे. पुढे 'विद्यार्थिनी' असे लिहिले आहे. दान देताना दात्याने नाव सांगितले नव्हते. परतफेडीच्या वेळी मात्र कोणाची परतफेड करायची हे आबांना बरोबर ठाऊक होते. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी घरीच मिळाले होते. मला ते ओळखता आले नाही, एवढेच.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा, की देणगीदाराचे नाव उघड केले तर सत्ताधारी त्याच्यावर सूड उगवतील. हे भय खोटे नाही. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच अलाबामा राज्याला बजावले होते, की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सभासदांची यादी मागता येणार नाही. नावे उघड झाली असती तर त्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, जिवावर बेतले असते. म्हणून दुर्बळाला पडदा असावा, हे मला मान्य आहे. शंभर रुपये देणाऱ्या शिक्षकाचे नाव झाकले तर लोकशाहीचे काही बिघडत नाही. पण कोटींचा रोखा घेणारा दुर्बळ नसतो. तो सत्तेला भिऊन लपत नाही; सत्तेशी त्याचे काय ठरले ते आपल्याला कळू नये म्हणून लपतो.

दुसरा आक्षेप, की हे सगळेच करतात. खरे आहे. मेरिलँडमध्ये डेमोक्रॅटांनी २०११ मध्ये असाच नकाशा आखून आठपैकी सात जागा घेतल्या. २०२५ मध्ये तर टेक्सासने जनगणनेची वाटही न पाहता पाच जागा वाढाव्यात म्हणून नकाशा बदलला, आणि उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या नागरिक आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवायला नोव्हेंबरमध्ये मान्यता दिली. पण सगळे करतात म्हणून ते योग्य ठरत नाही. उलट एकाने पेन्सिल उचलली की दुसऱ्यालाही उचलावी लागते, आणि मधल्या मध्ये खोडला जातो तो मतदार.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा आखण्याचे काम आमदार-खासदार करीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग ते करतो, मसुदा जाहीर होतो, सुनावण्या होतात. या बाबतीत आपली पद्धत अमेरिकेहून निश्चितच सरस आहे आणि तिचा अभिमान बाळगावा. तथापि निर्धास्त राहू नये. आपल्याच राज्यात मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून पालिका-महापालिकांच्या प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. मुंबई महापालिकेच्या जागा एका सरकारने २२७ च्या २३६ केल्या, दुसऱ्याने पुढे पुन्हा २२७ केल्या. कोणत्या पक्षाचे बरोबर, हा माझा विषय नाही. पेन्सिल कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताला कोण पोसतो, एवढेच मला विचारायचे आहे. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झालेली आहे. तिच्यामागून रेघांचा प्रश्न येणारच.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. रेघ आखणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याला सल्ला देणाऱ्यांची नावे आणि त्यांचे पैसे कोणी दिले ते, ही सारी माहिती नकाशाबरोबरच चावडीवर लागली पाहिजे. मोठ्या देणगीदारांची यादी निवडणुकीनंतर नव्हे, मतदानाआधी लोकांसमोर आली पाहिजे. हे अशक्य नाही. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात एका तरुणीने पुढाकार घेतला, स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८ मध्ये मतदारांनी सीमा आखण्याचे काम विधिमंडळाकडून काढून तेरा नागरिकांच्या आयोगाकडे दिले. चार एका पक्षाचे, चार दुसऱ्याचे, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. सहीने वस्ती चिरता येते, तशी पेन्सिलही काढून घेता येते.

आणि आपण काय करावे? आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच खेड्यापाड्यांतून आले आहेत, घरातले पहिले शिकलेले. आपल्या सहीला वजन आहे, हे त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच तर ते आले. प्रारूप प्रभागरचना लागली की ती आपण वाचावी, वस्तीतल्या लोकांना चतुःसीमा समजावून सांगाव्यात, सुनावणीला तहसील कचेरीत जाऊन बसावे. हे काम आपल्या आईवडिलांना येत नाही. ते आपण शिकलो आहोत. परीक्षेत त्याचे गुण नाहीत, पण शिकल्याचा तो उपयोग आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना नकाशा जमिनीवर काढून दाखवला. खडूने ओढा, खडूने घरे, आणि मधून गेलेली रेघ. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी त्यो पैसा देवळातला न्हवता तर." मी म्हणाले, नव्हता. पुढच्या प्रभागरचनेला हरकत घ्यायची, आणि ती मी स्वतः लिहायची, असे आमचे ठरले आहे. अर्जावर पहिला अंगठा आबांचा असेल. तो उठवण्याआधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, ही त्यांची अट आहे.